२४५० रेटिंगवर घर कसं चालवायचं: व्यावसायिक बुद्धिबळपटूच्या कमाईचा हिशेब

बुद्धिबळात पैसा आला आहे, हे खरं. तो वरून खाली किती झिरपतो, हे पाहायला नोव्हेंबर २०२५मध्ये गोव्यात झालेल्या फिडे (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघ) वर्ल्ड कपची बक्षिसांची यादी पुरेशी आहे. एकूण रक्कम २० लाख डॉलर, खेळाडू २०६. विजेत्या जावोखिर सिंदारोवला १ लाख २० हजार डॉलर. पहिल्या फेरीत हरलेल्या ७८ जणांना प्रत्येकी ३,५०० डॉलर, म्हणजे साधारण तीन लाख रुपये. दुसऱ्या फेरीत हरलेल्यांना ७,०००, तिसऱ्या फेरीत हरलेल्यांना ११,०००. ही स्पर्धा दोन वर्षांतून एकदा होते आणि तिची पात्रता मिळवण्यातच अनेकांची वर्षं जातात.

पुढचं सगळं त्या २०६ जणांच्या खालच्या खेळाडूसाठी आहे. रेटिंग (खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा) २३०० ते २५५०, किताब इंटरनॅशनल मास्टर (आयएम) किंवा नुकताच मिळालेला, त्याच्या वरचा ग्रँडमास्टर (जीएम), घर पुणे, नागपूर, नाशिक किंवा सांगलीत, आणि आईवडिलांच्या पैशावर खेळण्याचे दिवस संपत आलेले. अशा खेळाडूने एक गोष्ट पक्की धरावी: बक्षीस हा बोनस आहे, उत्पन्न नाही. दर महिन्याला ठरलेली रक्कम कुठून येणार, हे आधी ठरवायचं आणि त्यानंतर स्पर्धांचं कॅलेंडर आखायचं. बहुतेक जण हे उलट्या क्रमाने करतात आणि पंचविशीत खेळ सोडून देतात.

पहिला पाया: नोकरी

भारतीय बुद्धिबळ आजही बऱ्याच अंशी खेळाडू कोट्यातल्या नोकऱ्यांवर उभं आहे. कोनेरू हम्पी ओएनजीसीत आहे, प्रज्ञानंदला इंडियन ऑइलने घेतलं. तेल कंपन्यांखेरीज रेल्वे, एलआयसी, विमानतळ प्राधिकरण यांचेही संघ राष्ट्रीय सांघिक स्पर्धेत उतरतात. महाराष्ट्र शासनाच्या भरतीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे.

इथे गाडी चुकते ती वयामुळे आणि कागदांमुळे. रेल्वेच्या खेळाडू कोट्याची वयोमर्यादा १८ ते २५ आहे. शिवाय अर्जात अलीकडच्या दोन-तीन वर्षांतलीच कामगिरी धरली जाते. बाराव्या वर्षी जिंकलेलं राष्ट्रीय पदक चोविसाव्या वर्षी उपयोगी पडत नाही. म्हणून १९ ते २३ या वयात राष्ट्रीय ज्युनियर, राष्ट्रीय सीनियर, आंतरविद्यापीठ या स्पर्धा सोडू नका, मग त्यांत बक्षीस कमी असलं आणि रेटिंग धोक्यात येत असलं तरी चालेल. प्रत्येक प्रमाणपत्र मिळाल्या दिवशीच स्कॅन करा. राज्य शासनाच्या आरक्षणासाठी क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून करून घ्यावी लागते. तिला वेळ लागतो. भरतीची जाहिरात निघाल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही. जाहिरातीतली खेळांची यादी आणि कामगिरीचे निकष शब्दन् शब्द वाचा, कारण स्पर्धेचा दर्जा कोणता धरायचा हे तिथेच ठरलेलं असतं.

नोकरी स्वीकारण्यापूर्वी विचारायचे प्रश्न तीन. स्पर्धांसाठी विशेष रजा वर्षाला किती दिवस? परदेशी स्पर्धांचा प्रवासखर्च संस्था देते का, आणि देत असेल तर कोणत्या अटीवर? सरावासाठी रोज अर्धा दिवस मोकळा मिळतो का, आणि ही सवलत कितव्या वर्षापर्यंत? पगाराचा आकडा या तिन्ही उत्तरांनंतर पाहावा. पगार चांगला पण रजा नाही, अशा जागेवर दोन वर्षांत रेटिंग शंभराने खाली येतं.

दुसरा पाया: शिकवणं

नोकरी नसेल तर शिकवणं आलंच. इथे खेळाडू पैसे कमावतात आणि इथेच खेळही गमावतात, म्हणून हिशेब नीट मांडायला हवा.

समजा सहा मुलांची एक बॅच, आठवड्याला सव्वा तासाचे दोन वर्ग, महिन्याची फी प्रत्येकी ३,००० रुपये. अशा चार बॅचचे ७२,००० रुपये होतात. आठवड्याला शिकवण्याचे दहा तास, तयारीचे आणखी तीन-चार. त्याच्या जोडीला पाच मुलं वैयक्तिक, आठवड्याला एकेक तास, तासाला १,५०० रुपये धरले तर महिन्याचे ३०,०००. एकूण १८-१९ तासांत लाखभर रुपये. ही मर्यादा मानावी. आठवड्याला २५ तासांच्या वर गेलात की स्वतःचा सराव आधी कमी होतो आणि मग बंद पडतो. नवशिक्यांना रोज तेच दोन-चालींचे मात दाखवत राहिलं, तर स्वतःची खोलवर आकडेमोड करण्याची सवयही मंदावते. म्हणून शक्य तितक्या लवकर १६००च्या वरची मुलं घ्या. त्यांच्यासाठी केलेली तयारी, विशेषतः हत्तींच्या अंत्यडावांची आणि प्याद्यांच्या रचनांची, तुमच्या स्वतःच्या कामाला येते.

बॅच करताना मुलांच्या रेटिंगमध्ये २०० ते ३००पेक्षा जास्त अंतर ठेवू नका. अंतर वाढलं की वरची मुलं कंटाळतात, खालची गप्प बसतात, आणि तीन महिन्यांनी दोन्हीकडचे पालक एकाच आठवड्यात फोन करतात.

फी महिन्याची न ठेवता २४ वर्गांची ठेवा. स्पर्धेला गेलात की महिन्यातले चार वर्ग बुडतात, आणि महिन्याची फी घेतलेली असेल तर तिथे कुरबुर सुरू होते. २४ वर्गांचा हिशेब असेल तर वर्ग फक्त पुढे सरकतात. पुढच्या सहा महिन्यांतल्या स्पर्धांच्या तारखा पालकांना फी घेतानाच द्या. लांबच्या दौऱ्यासाठी २१००-२२०० रेटिंगचा एखादा बदली प्रशिक्षक आधीच ठरवून ठेवा आणि त्या वर्गांची फी त्याला पूर्ण द्या.

परदेशातल्या मराठी कुटुंबांची मुलं हा चांगला आधार आहे. फी डॉलरमध्ये येते आणि वेळा अशा असतात की दिवस मोकळा राहतो. कॅलिफोर्नियातले संध्याकाळचे सहा म्हणजे आपले सकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये तिथली घड्याळं बदलतात तेव्हा दर वर्षी एक वर्ग चुकतो, म्हणून त्या आठवड्यात आदल्या दिवशी वेळेचा संदेश पाठवा. दुबईतले सहा म्हणजे आपले साडेसात. या दोन्ही वेळांच्या मध्ये अख्खा दिवस तुमच्या सरावाचा.

फिडेच्या प्रशिक्षकांसाठी किताब आहेत. सेमिनार आणि परीक्षा दिली की ते मिळतात आणि त्यांच्या परवान्याची फी भरावी लागते. शाळांशी करार करताना हा कागद उपयोगी पडतो, वैयक्तिक विद्यार्थ्याला मात्र तुमचं रेटिंग आणि आधीच्या मुलांची प्रगती पुरते.

स्पर्धेचं माहितीपत्रक कसं वाचायचं

पहिल्या बक्षिसाचा आकडा झाकून ठेवा. माहितीपत्रकात आधी आपला अंदाजे क्रम शोधा. मागच्या वर्षीच्या याच स्पर्धेची सुरुवातीची मानांकन यादी चेस-रिझल्ट्स या संकेतस्थळावर असते. तुमचं रेटिंग तिथे कितवं आलं असतं ते पाहा. समजा अठरावं. मग अठराव्या क्रमांकाचं बक्षीस हा तुमचा अंदाज. पंचवीस बक्षिसं असतील तर अठराव्याला पहिल्याच्या तुलनेत फार थोडं मिळतं. त्यातून खर्च वजा करा.

आता समान गुणांची अट. आपल्याकडच्या बहुतेक खुल्या स्पर्धांत समान गुण झाले तरी रोख बक्षीस वाटून मिळत नाही. बुखोल्झसारख्या (प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांची बेरीज) टायब्रेकने जो क्रम लागेल त्याचं बक्षीस ज्याचं त्याला. युरोपात अनेक ठिकाणी हॉर्ट पद्धत असते: अर्धी रक्कम क्रमाप्रमाणे, अर्धी समान गुणांच्या सगळ्यांत सारखी वाटून. समजा दुसरं, तिसरं, चौथं बक्षीस ६०, ४० आणि ३० हजारांचं आहे आणि तिघांचे गुण सारखे. आपल्या पद्धतीने तिघांना ६०, ४०, ३०. हॉर्टने साधारण ५१,७००, ४१,७०० आणि ३६,७००. हा फरक माहीत असेल तर शेवटच्या फेरीत बरोबरी मागायची की झुंजायचं, हे आदल्या रात्री ठरवता येतं. बुखोल्झ कमी असेल आणि वाटणी नसेल, तर बरोबरी घेऊन तुम्ही गटाच्या तळाशी जाता. तिथे काळ्या मोहऱ्यांनीसुद्धा जिंकायला खेळावं लागतं. हे गणित न करता आठव्या चालीला हात मिळवणारे खूप आहेत.

रेटिंगचा धोकाही पैशातच मोजा. २४००ला एकदा पोचलात की तुमचा के-फॅक्टर (एका डावाने रेटिंग किती हलतं ते ठरवणारा गुणक) १० होतो आणि कायम तसाच राहतो. चारशे गुणांनी खालच्या खेळाडूशी तुमच्याकडून ०.९२ गुणाची अपेक्षा असते. म्हणजे जिंकलात तर ०.८ रेटिंग मिळतं आणि बरोबरी झाली तर ४.२ जातं. एका बरोबरीची भरपाई करायला असे पाच विजयही पुरत नाहीत. भारतातल्या खुल्या स्पर्धांत २०५० रेटिंगचा तेरा वर्षांचा मुलगा प्रत्यक्षात २३००च्या ताकदीने खेळत असतो, कारण त्याचं रेटिंग त्याच्या प्रगतीच्या मागे धावतं. पहिल्या चार फेऱ्यांत असे तीन मुलगे समोर येतात. रेटिंग २४६० वरून २४२० वर आलं की पुढच्या वर्षी आयोजकांकडून मिळणाऱ्या राहण्याच्या आणि शुल्काच्या सवलती कमी होतात, शिकवणीचा दरही टिकत नाही. म्हणून वर्षाला भारतात अशा तीन-चारच स्पर्धा निवडा, त्याही बक्षीस खरोखर मोठं असेल तिथे.

स्पर्धा संपल्यावर प्रत्येक वेळी हे काढा: बक्षीस अधिक मानधन, वजा प्रवास, राहणं, जेवण, कर आणि बुडालेल्या वर्गांची फी, आलेल्या आकड्याला घर सोडल्यापासून परतेपर्यंतच्या दिवसांनी भागा. बुडालेली फी धरायला लोक विसरतात. आठ दिवसांच्या स्पर्धेत बारावा क्रमांक, बक्षीस १५,०००, कर जाऊन हातात साडेदहा, प्रवास आणि जेवणाचे नऊ हजार, बुडालेले वर्ग वीस हजारांचे. कागदावर बक्षीस मिळालं, खिशातून साडेअठरा हजार गेले.

महिला खेळाडूंनी एक जास्तीची अट वाचावी. खुल्या स्पर्धेत महिलांसाठी वेगळं बक्षीस असतं, पण बहुतेक ठिकाणी दोहोंपैकी मोठं तेवढंच मिळतं. त्या बक्षिसासाठी किमान किती महिला खेळल्या पाहिजेत, अशीही अट कधी कधी असते.

परदेशात तुमची किंमत वेगळी असते

ग्रँडमास्टर नॉर्मसाठी (नॉर्म म्हणजे किताबाकरता धरली जाणारी ठरावीक दर्जाची स्पर्धेतली कामगिरी) २६००ची कामगिरी लागते हे सगळ्यांना ठाऊक असतं. कमाईच्या दृष्टीने महत्त्वाच्या अटी दुसऱ्याच आहेत: प्रतिस्पर्ध्यांत किमान तीन ग्रँडमास्टर हवेत, निम्मे किताबधारक हवेत आणि स्वतःच्या देशाखेरीज किमान दोन महासंघांचे खेळाडू हवेत. आयोजकाला त्याच्या देशातल्या मुलांना नॉर्मची संधी द्यायची असते आणि त्यासाठी परदेशी किताबधारक लागतात. चेन्नई किंवा दिल्लीत तुम्ही शंभरातले एक. स्पेनमधल्या किंवा सर्बियातल्या छोट्या गावी तुम्हीच ती अट पूर्ण करणारे पाहुणे. म्हणून राहण्याची सोय, प्रवेश शुल्क माफी आणि कधी हातखर्चाची रक्कम तिथे मिळते.

दहा जणांच्या साखळी नॉर्म स्पर्धांत हे आणखी स्पष्ट दिसतं. नॉर्म हवे असलेले खेळाडू जबर फी भरतात आणि त्यातूनच ग्रँडमास्टरांना मानधन जातं. तुम्ही अजून आयएम असाल तर तुम्ही पैसे देणाऱ्या बाजूला आहात, हे ओळखून अशा स्पर्धा वर्षाला एक-दोनच खेळा. कर्ज काढून एकामागून एक चार नॉर्म स्पर्धा खेळणं ही फार महागात पडणारी चूक आहे, कारण दडपणाखाली तिसऱ्या स्पर्धेपर्यंत खेळच ढासळलेला असतो.

आयोजकाला ईमेल चार ते सहा महिने आधी जायला हवा. सवलतीच्या खोल्या मोजक्या असतात आणि आधी येणाऱ्याला मिळतात. मजकूर सहा-सात ओळींचा: नाव, फिडे आयडी, किताब, सध्याचं रेटिंग, देश, पूर्ण स्पर्धा खेळणार असल्याची हमी, आणि नेमकं काय हवं ते. ‘सवलती मिळतील का’ असं मोघम विचारू नका. एकट्याची खोली की दोघांत एक, नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरून की नाही, किती रात्री, प्रवेश शुल्क माफ का, व्हिसासाठी निमंत्रणपत्र कधी मिळेल, हे एकेक लिहा. उत्तर आलं की तारखांसकट लेखी होकार मागा. रेटिंगचा आकडा कोणत्या महिन्याचा धरणार, तेही विचारून घ्या.

जुलै-ऑगस्टमध्ये स्पेन-फ्रान्समध्ये खुल्या स्पर्धा लागोपाठ असतात. चार स्पर्धा, चाळीस दिवस, असा दौरा धरू. विमान ८५,०००. शेंगेन व्हिसाचे ९० युरो, सेवाशुल्क आणि विमा धरून १५,०००. जेवण रोज १८ युरोप्रमाणे ७०-७५ हजार. गावागावांतली रेल्वे-बस ३०,०००. दोन स्पर्धांच्या मधल्या पाच रात्री २०,०००. स्पर्धेतलं राहणं फुकट मिळालं तरी सव्वादोन लाख होतात, म्हणजे चार स्पर्धांतून मिळून साधारण २,२०० युरो आले तर तुम्ही घरी बरोबरीत परतता. दोन स्पर्धांत राहण्याची सोय मिळाली नाही तर हा आकडा तीन हजारांच्या पुढे जातो. दोघे-तिघे मिळून स्वयंपाकघर असलेली खोली घेतली तर जेवणाचा खर्च निम्म्यावर येतो. घरून नेलेली डाळ, पोहे आणि मसाला इथे खरोखर पैसे वाचवतात. शेंगेनमध्ये कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा असते. लीग खेळणाऱ्यांनी ती वर्षाच्या सुरुवातीलाच मोजून वाटून घ्यावी.

लीग

जर्मनीच्या बुंडेसलीगात १६ संघ, प्रत्येक सामन्यात आठ पट (बोर्ड), हंगामात १५ फेऱ्या, शनिवार-रविवार धरून. फ्रान्स, स्पेन, इंग्लंड, तुर्कस्तान इथेही लीग आहेत आणि २४५०च्या खेळाडूला जागा मिळते ती बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या स्तरावर. फायदा असा की पैसे ठरलेले असतात, हरलात तरी मिळतात. भारतात ग्लोबल चेस लीग आहे, तिचा तिसरा हंगाम डिसेंबर २०२५मध्ये मुंबईत झाला. पण सहा संघ आणि संघात सहा खेळाडू, तेही जगातले वरचे. २०१३मध्ये पुण्यात सुरू झालेल्या महाराष्ट्र चेस लीगने खेळाडूंचा लिलाव आपल्याकडे आणला. तरी वर्षभराचा आधार म्हणून आजही युरोपकडेच पाहावं लागतं.

क्लबचा कप्तान तुम्हाला ओळखत नसतो, म्हणून खुल्या स्पर्धेत भेटलेल्या खेळाडूंकडूनच दार उघडतं. करारात हे लिहून घ्या: मानधन प्रत्येक डावाचं की संपूर्ण हंगामाचं, विमानभाडं कोणाचं, आयत्या वेळी संघात घेतलं नाही तर काय, आणि पैसे त्याच शनिवार-रविवारी देणार की हंगाम संपल्यावर. हंगामानंतरचे पैसे अडकू शकतात, म्हणून निदान अर्धे आधी मागा. दोन डावांसाठी भारतातून जाणं परवडत नाही. लीगच्या तारखेच्या मागेपुढे एक खुली स्पर्धा जोडता आली तरच होकार द्या.

बाकीचे मार्ग

चेस डॉट कॉमच्या टायटल्ड ट्युसडे या किताबधारकांच्या ऑनलाइन स्पर्धेचं पहिलं बक्षीस १,००० डॉलर आहे. पैसे वरच्या मोजक्याच जणांना मिळतात आणि मैदानात जगातले सर्वोत्तम असतात. सराव म्हणून खेळा, अंदाजपत्रकात धरू नका. यूट्यूब आणि स्ट्रीमिंगचंही तसंच. ग्रँडमास्टर विदित गुजराथी किंवा सागर शाह आणि अमृता मोकल यांच्या चेसबेस इंडिया या चॅनेलने मिळवलेला प्रेक्षक अनेक वर्षांच्या रोजच्या कामाचा आहे.

दुसऱ्या खेळाडूसाठी ओपनिंगची (डावाच्या सुरुवातीच्या चालींची) तयारी करणं हे मात्र आयएम आणि जीएम दोघांनाही जमणारं आणि दिसतं त्यापेक्षा चांगलं पैसे देणारं काम आहे. मोबदला दिवसावर ठरवा, विषय नेमका घ्या (‘कॅरो-कानविरुद्ध पांढऱ्याचे दोन पर्याय’), फाइल कधी द्यायची ते लिहा, आणि तीच तयारी किती महिने तुम्ही स्वतः वापरणार नाही हेही ठरवा. ते न ठरवल्यामुळे संबंध तुटतात. चेसेबलसारख्या ऑनलाइन कोर्स विकणाऱ्या ठिकाणी कोर्स तयार करणाऱ्याला विक्रीतला वाटा मिळतो. त्यासाठी तुमच्या नावाशी जोडलेली एखादी ओपनिंग असली पाहिजे.

कंपन्या आणि शाळांमध्ये वीस-पंचवीस पटांचा सायमल (एकट्याने एकाच वेळी अनेकांशी खेळणं) हा तीन तासांत होणारा कार्यक्रम आहे. प्रायोजक शोधताना आपल्या शहरातला मध्यम उद्योजक गाठा. एका पानावर वर्षाच्या स्पर्धा, खर्च, आणि बदल्यात काय देणार: शर्टावर बोधचिन्ह, कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी दोन सायमल, दर तीन महिन्यांनी अहवाल. अहवाल न पाठवणाऱ्याला दुसऱ्या वर्षी कोणी पैसे देत नाही.

सरकारी पुरस्कार मोठे असतात. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५मध्ये बटुमीत महिला वर्ल्ड कप जिंकला तेव्हा बक्षीस होतं ५०,००० डॉलर, आणि महाराष्ट्र शासनाने दिले ३ कोटी रुपये. पण हे पैसे जागतिक यशानंतर येतात, तिथवरचा खर्च आपल्यालाच उभा करावा लागतो.

कागद आणि कर

वेगळं बँक खाते उघडा. बक्षिसं, फी, मानधन सगळं तिथेच घ्या. भारतातल्या स्पर्धांत दहा हजारांवरच्या बक्षिसातून टीडीएस जातो. किती टक्के, ते नाव नोंदवतानाच विचारा आणि ३० टक्के धरून हिशेब करा. पॅनची प्रत स्पर्धेला जाताना सोबत ठेवा. कापलेला कर विवरणपत्रात दिसतो की नाही, हे तीन महिन्यांनी तपासा, कारण आयोजकाने चुकीचा पॅन भरला तर ती रक्कम दुसऱ्याच्या नावावर दिसते. शिकवणी आणि इतर सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणीचा प्रश्न येतो, तेव्हा पंधरा लाखांच्या आसपासच सीएला भेटा. प्रवासाची तिकिटं, हॉटेलची बिलं, प्रशिक्षकाला दिलेले पैसे, चेसबेस सॉफ्टवेअर आणि क्लाउड इंजिनचं शुल्क यांच्या पावत्या महिन्यावार ठेवा.

परदेशात कापलेल्या कराचं भारतात श्रेय मिळू शकतं, मात्र त्यासाठी कर कापल्याचं प्रमाणपत्र लागतं. ते बक्षीस समारंभाच्या दिवशीच, हॉल रिकामा होण्याआधी, खजिनदाराकडून सहीशिक्क्यासह घ्या. अनेक आयोजक स्वयंसेवक असतात आणि महिनाभरानंतर ईमेलला उत्तर देणारं तिथे कोणी नसतं.